चाळीस वर्षे, एकच धाबे : हौशी आकाशनिरीक्षण आणि नोंदवह्या

बोरीकाठ

मार्च १९८६ मधल्या एका पहाटे वडिलांनी मला झोपेतून उठवून अमळनेरच्या आमच्या घराच्या धाब्यावर, म्हणजे मातीच्या सपाट छतावर, नेले. मी तेव्हा तेरा वर्षांचा होतो. आग्नेयेकडे, क्षितिजाच्या बरेच वर, कापसाच्या पेळूसारखा एक अंधूक पांढुरका पुंजका त्यांनी बोटाने दाखवला आणि हा हॅलेचा धूमकेतू असल्याचे सांगितले. वर्तमानपत्रांतल्या चित्रांमुळे माझी अपेक्षा फार मोठी होती, त्यामुळे मी हिरमुसलो. ते पाहून वडिलांनी मला खाली नेले, त्यांच्या दुकानाच्या जुन्या रोजकीर्दीतली कोरी पाने समोर ठेवली आणि "जे दिसले तेवढेच लिही" असे सांगितले. मी लिहिले : "धूसर. शेपटी नीट कळत नाही. पहाटे पाच." माझी पहिली नोंद हीच.

त्या रोजकीर्दीपासून आजवर सात वह्या भरल्या आहेत. प्रत्येक नोंदीत तारीख, वेळ, जागा, आकाशाची स्थिती आणि काय पाहिले, एवढेच असते. धाब्याच्या जागी आता स्लॅब आला असला तरी जागा तीच आहे. पुष्कळ जण मला विचारतात की एवढी वर्षे हा छंद कसा टिकला, आणि बहुतेकांना त्याचे उत्तर दुर्बिणीत असावे असे वाटते. माझा अनुभव निराळा आहे. माझ्याकडे बरीच वर्षे फक्त ७×५० ची द्विनेत्री (बायनॉक्युलर) होती. वहीतल्या मागच्या पानाशी आजच्या रात्रीची तुलना करता येऊ लागली, तेव्हापासून मला वर जाणे चुकवता येईनासे झाले.

शनीचे उदाहरण देतो. १९८६ च्या उन्हाळ्यात तो वृश्चिकेत ज्येष्ठा ताऱ्याच्या जवळपास होता, आणि माझ्या वहीत "ज्येष्ठेच्या वर एक पिवळसर, न लुकलुकणारा" अशी नोंद आहे. शनीला सूर्याभोवती एक फेरी करायला साधारण साडेएकोणतीस वर्षे लागतात. २०१६ मध्ये तो पुन्हा ज्येष्ठेजवळ आला, शेजारी मंगळही होता, आणि तेव्हा मी जुनी वही हातात घेऊन गच्चीत उभा होतो. वडील त्या वेळी नव्हते. माणसाच्या आयुष्यात शनीच्या दोन फेऱ्या पूर्ण होतात, क्वचित तीन. आमच्या शाळेत साडेसातीची भीती घेऊन येणाऱ्या मुलांना मी हाच हिशेब फळ्यावर मांडून दाखवतो : बारा राशींना साडेएकोणतीस वर्षे, म्हणजे एका राशीला सुमारे अडीच, तीन राशींना साडेसात. मग त्यांना शनी दाखवतो. गुरूची फेरी ११.८६ वर्षांची असते, म्हणून तो बारा वर्षांनी सिंह राशीत येतो आणि नाशिकला सिंहस्थ भरतो, हेही मुलांना पटकन समजते.

सगळ्या नोंदी यशाच्या नाहीत. २२ जुलै २००९ च्या खग्रास सूर्यग्रहणासाठी मी रात्रीच्या गाडीने सुरतेला गेलो. पावसाळाच तो, आकाश पूर्ण झाकलेले होते. सकाळी सव्वासहानंतर काही मिनिटांतच ढगांखाली काळोख उतरला, तीन मिनिटांहून थोडा अधिक काळ राहिला आणि पश्चिमेकडून उजाडत गेला. त्या दिवसाच्या नोंदीत "सूर्य दिसला नाही, अंधार पाहिला" असे आहे. याउलट ८ जून २००४ रोजी शुक्राचे अधिक्रमण होते, म्हणजे शुक्र सूर्यबिंबासमोरून जाणार होता, मृगाच्या तोंडावरचे दिवस असल्यामुळे मी आशा सोडली होती, आणि तरीही पावणेअकराच्या सुमारास सुरू झालेला तो सोहळा ढगांच्या फटींतून आम्हाला मिळाला. द्विनेत्रीतून कुणालाही डोळा लावू न देता आम्ही सूर्याची प्रतिमा पांढऱ्या पुठ्ठ्यावर घेतली होती आणि तिच्यावरून सरकणारा काळा ठिपका गल्लीतल्या म्हाताऱ्या बायकांनीही पाहिला. २०१२ मध्ये पुन्हा एकदा तो योग आला. आता त्यानंतरचे अधिक्रमण २११७ मध्ये आहे.

खानदेशात कोण कोण नियमित आकाश पाहते आणि नोंदी कशा ठेवते, हे जाणून घेण्यासाठी हा धागा काढत आहे.

काळी_माती

गुरुजी, मी चोपडा तालुक्यातला शेतकरी आहे. वही कधी ठेवली नाही, पण आकाश लहानपणापासून पाहत आलो आहे, कारण गव्हाला आणि केळीला पाणी द्यायचे तर शेतीपंपाची वीज बऱ्याचदा रात्रीच मिळते. दारे धरायला बांधावर उभे राहिल्यावर माणूस वर पाहणार नाही तर काय करणार? माझे आजोबा सप्तर्षीला बाज म्हणत. चार तारे म्हणजे बाजेचे चार खूर आणि मागचे तीन म्हणजे ती पळवायला आलेले चोर. मृगाच्या पोटातल्या तीन ताऱ्यांना ते तिकांडे म्हणत, आणि तिकांडे डोक्यावरून कलले की किती रात्र झाली हे ते घड्याळाशिवाय सांगत. अशी माहिती नोंदवहीत येते का?

एक शंका अनेक वर्षे मनात आहे. आपण मृगाचा पाऊस जूनमध्ये धरतो. मग मृगाचे तारे मला डिसेंबर-जानेवारीत रात्रभर का दिसतात, आणि जूनमध्ये शोधूनही का सापडत नाहीत?

अरुंधतीचा_तारा

भाऊ, आपल्या शंकेचे उत्तर देते, कारण हीच शंका मला माझ्या सासूबाईंनी विचारली होती. पावसाची नक्षत्रे ही सूर्याची नक्षत्रे असतात. मृग निघाला म्हणजे सूर्य मृग नक्षत्रात आला, साधारण ७-८ जूनला. सूर्य ज्या ताऱ्यांमध्ये असतो ते तारे त्याच्याबरोबर उगवतात आणि त्याच्याबरोबर मावळतात, म्हणून ते दिवसा आकाशात असूनही दिसत नाहीत. सहा महिन्यांनी सूर्य समोरच्या बाजूला जातो आणि तेच तारे रात्रभर डोक्यावर येतात. आपण डिसेंबरात पाहता तो मृग पावसाचाच आहे.

यात एक बारकावा आहे. पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा अतिशय सावकाश डोलतो, त्यामुळे सूर्याच्या नक्षत्रप्रवेशाची तारीख ऋतूंच्या मानाने साधारण ७० वर्षांत एक दिवस पुढे सरकते. भास्कराचार्यांनी ११५० मध्ये 'सिद्धान्तशिरोमणी' पूर्ण केला, तेव्हा सूर्य मृगात येण्याचा दिवस आजच्या हिशेबाने मेच्या शेवटच्या आठवड्यात पडला असता.

भास्कराचार्यांचे नाव काढले ते मी चाळीसगावची असल्यामुळे. आमच्याकडून पाटणादेवी अठरा किलोमीटरवर आहे. तिथल्या शके ११२८ च्या शिलालेखात भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ स्थापल्याची नोंद आहे. चांगदेव हे यादव राजा सिंघण याच्या दरबारी ज्योतिषी होते, मठाला दान देणारे निकुंभ घराण्यातले सोइदेव आणि हेमाडिदेव होते आणि लेखाचा शेवटचा भाग जुन्या मराठीत आहे. आपल्याकडे पुष्कळ जण "भास्कराचार्य पाटणला जन्मले" असे बिनदिक्कत लिहितात. त्यांच्या जन्मगावाबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत आणि शिलालेख मठाविषयी बोलतो, तेव्हा आपण तेवढेच म्हणावे. आठशे वर्षांपूर्वी खानदेशातल्या एका गावात गणित-ज्योतिष शिकवण्यासाठी गावकऱ्यांच्या उत्पन्नातून वाटा काढून ठेवला जात होता, ही गोष्ट मला जन्मस्थानाच्या वादापेक्षा कितीतरी मोठी वाटते.

बोरीकाठ सरांना एक सांगायचे आहे. माझ्या वहीत नऊ वर्षांचा खंड आहे. हेल-बॉपचा धूमकेतू १९९७ च्या मार्च-एप्रिलमध्ये संध्याकाळी वायव्येला दिसे, त्याच्या पांढऱ्या आणि निळसर अशा दोन शेपट्यांचे चित्र मी कॉलेजात असताना काढले होते. नंतर लग्न, दोन मुले, एकत्र कुटुंब. रात्री एकटीने गच्चीवर जाऊन तासभर बसणे हे घरातल्या कोणालाच समजण्यासारखे नव्हते आणि मलाही ते समजावून सांगता आले नाही. पुन्हा सुरुवात केली ती दुपारच्या आकाशापासून.

आपल्या भागात शून्य सावलीचा दिवस २२ ते २८ मेच्या दरम्यान येतो, चाळीसगावला आधी, मग धुळे-जळगाव आणि नंदुरबारला शेवटी. त्या दिवशी मध्यान्हीला सूर्य थेट माथ्यावर असतो आणि उभ्या काठीची सावली तिच्या बुडाखाली नाहीशी होते. जळगावला ही वेळ १२ वाजून २५ मिनिटांच्या सुमारास असते, कारण आपली घड्याळे साडेब्याऐंशी रेखांशावर लावलेली आहेत आणि आपण त्याच्या बरेच पश्चिमेला आहोत. त्रेचाळीस-चव्वेचाळीस अंशांच्या उन्हात मी अंगणात पाण्याने भरलेला तांब्या ठेवला आणि मुलांना त्याची सावली शोधायला लावली. सासूबाई ओसरीवरून म्हणाल्या, "आज रोहिणी निघाल्या ना गं." खरोखरच त्याच सुमारास सूर्य रोहिणीत जातो. त्या दिवसापासून रात्री गच्चीवर जायला मला कोणी अडवले नाही, आणि पुढे त्याच माझ्याबरोबर येऊ लागल्या.

पांझराकाठ

बोरीकाठ सरांच्या नोंदींबद्दल मनापासून आदर ठेवून एक वेगळे मत मांडतो. दुर्बीण दुय्यम आहे हे मला मान्य नाही. माझी धुळ्यात छोटी लेथ वर्कशॉप आहे. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत दुर्बिणीचा आरसा घासण्याची कार्यशाळा असते असे कळल्यावर मी तिथे गेलो आणि त्यानंतर माझ्या आयुष्याला वळण लागले. त्याआधी एका दुकानातून मी साठ मिलिमीटरची एक दुर्बीण घेतली होती आणि तिच्या खोक्यावर "५२५ पट" असे छापलेले होते. भिंगाच्या व्यासाच्या मिलिमीटरला दुप्पट, म्हणजे इथे १२० पट, यापलीकडे वाढवलेली प्रतिमा फक्त मोठी आणि धूसर होते, हे मला कोणी सांगितले नव्हते. तिचा तिपाया तर हात लागताच थरथरायचा. अशा दुर्बिणींमुळे किती मुलांचा हा छंद पहिल्याच महिन्यात सुटत असेल, याचा विचार केला की वाईट वाटते.

सहा इंची आरसा म्हणजे सुमारे १५० मिलिमीटर. अंधारात ताणलेली डोळ्याची बाहुली सात मिलिमीटरची धरली तर आरसा तिच्या साडेचारशे पट प्रकाश गोळा करतो. काचेच्या दोन गोल चकत्या एकमेकींवर ठेवून मध्ये कार्बोरंडमची खरखरीत भुकटी आणि पाणी घालायचे, वरची चकती पुढेमागे सरकवायची आणि आपण स्वतः टेबलाभोवती फिरत राहायचे. वरची काच आपोआप खोलगट होत जाते. १२०० मिलिमीटर नाभीय अंतरासाठी (आरशापासून प्रतिमा जिथे जुळते तिथपर्यंतच्या अंतरासाठी) मधली खोली सव्वा मिलिमीटरही लागत नाही. लेथवर काम करणाऱ्याला हे फारच सोपे वाटते. खरी परीक्षा त्यानंतर आहे, कारण पृष्ठभाग मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाहूनही कमी चुकीचा असावा लागतो आणि ते काम यंत्राने नव्हे तर राळेच्या थरावर सेरियम ऑक्साइड ही चकाकी आणणारी भुकटी लावून हाताने करायचे असते. मार्चनंतर धुळ्याच्या उन्हाळ्यात राळ इतकी मऊ पडते की पृष्ठभागाचा आकार बिघडतो. माझा पहिला आरसा याच कारणाने बिघडला. दुसरा मी डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे घासला आणि मग त्यावर ॲल्युमिनियमचा थर चढवून घेतला.

त्या दुर्बिणीतून पहिल्या रात्री शनीची कडी दिसली तेव्हा माझे वडील, जे आयुष्यभर मोटारींखाली आडवे पडून काम करत आले, ते बराच वेळ स्टुलावरून उठलेच नाहीत. २०२५ मध्ये तीच कडी आपल्याला काठावरून दिसत होती, जवळजवळ रेघेसारखी. नुसत्या डोळ्यांच्या नोंदीत हे कुठून येणार?

बोरीकाठ

पांझराकाठ, आपले म्हणणे मी मान्य करतो, आणि "दुय्यम" असा अर्थ माझ्या लिहिण्यातून निघत असेल तर तो मागे घेतो. कडी मीही पहिल्यांदा दुसऱ्याच्याच दुर्बिणीतून पाहिली. तरीही नुसत्या डोळ्यांच्या बाजूने एक अनुभव सांगू द्यावा.

मृगातला तांबूस काक्षी हा रूपविकारी तारा आहे, म्हणजे त्याची तेजस्विता कमी-जास्त होते. मी १९९२ पासून दर हिवाळ्यात त्याची तुलना रोहिणीशी करून लिहीत आलो. बहुतेक नोंदींत "काक्षी रोहिणीपेक्षा तेजस्वी" असे आहे. डिसेंबर २०१९ मध्ये मला तो रोहिणीपेक्षा मंद वाटला. आधी माझ्या डोळ्यांचाच दोष असेल असे वाटून मी चष्मा तपासून घेतला. फेब्रुवारी २०२० पर्यंत तो मृगाच्या दुसऱ्या खांद्यावरच्या बेलाट्रिक्सच्या जवळपास, म्हणजे १.६ प्रतीपर्यंत, उतरला होता (प्रत हे तेजस्वितेचे माप, आकडा जितका मोठा तितका तारा मंद). ताऱ्याने बाहेर फेकलेल्या वायूपासून धूळ तयार झाली आणि तिने त्याचा काही भाग झाकला, असे स्पष्टीकरण नंतर शास्त्रज्ञांनी दिले. माझ्या वहीमुळे विज्ञानात काही भर पडली असे मी म्हणत नाही, पण सत्तावीस हिवाळ्यांच्या नोंदी मागे असल्यामुळे तो बदल मला माझ्याच गच्चीवरून ओळखता आला.

ज्यांच्या नोंदींनी विज्ञानात खरोखर भर पडली असे एक गृहस्थ आपल्या उपखंडात होऊन गेले. जेसोर येथील राधागोविंद चंद्र (१८७८-१९७५) हे सरकारी खजिन्यात कारकून होते. १९१८ मध्ये गरुड तारकासमूहातला नवतारा, म्हणजे अचानक उजळलेला तारा, त्यांनी स्वतंत्रपणे ओळखला. पुढे त्यांनी रूपविकारी ताऱ्यांच्या ३७ हजारांहून अधिक नोंदी अमेरिकेतल्या निरीक्षकांच्या संघटनेकडे पाठवल्या, आणि त्या संघटनेने त्यांना वापरण्यासाठी सहा इंची दुर्बीण पाठवली. तीच दुर्बीण नंतर खगोलशास्त्रज्ञ वेणू बाप्पू यांच्याकडे आणि तिथून तमिळनाडूतल्या कवलूरच्या वेधशाळेत गेली. दिवसभर खजिन्याचे आकडे लिहून घरी आल्यावर रात्री ताऱ्यांच्या प्रती लिहिणाऱ्या त्या माणसाचा विचार माझ्या मनातून जात नाही.

काळी_माती, आपले आजोबा तिकांड्यावरून रात्र किती झाली ते सांगत, हे वहीत नक्की येते. किंबहुना तेच आधी लिहावे, कारण तारे उद्याही असतील, पण बाजेची आणि चोरांची गोष्ट सांगणारी माणसे कमी होत चालली आहेत. अरुंधतीताई, आपल्या नऊ वर्षांच्या खंडाबद्दल एवढेच म्हणतो की माझ्याही वहीत आईच्या आजारपणातली दोन वर्षे कोरी आहेत आणि ती पाने मी तशीच सोडली आहेत.

सातपुडा_२१

सर, मी नंदुरबारला बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. दुर्बीण नाही, द्विनेत्री नाही, आणि वसतिगृहाच्या गच्चीवर समोरच्या एलईडी दिव्याचा पांढरा उजेड सरळ डोळ्यांत येतो. सुट्टीत तोरणमाळजवळच्या आमच्या गावी गेलो की मात्र आकाशगंगेत डोंगराची कड उठून दिसते. वर्षातले वीस-पंचवीस दिवस असे मिळतात. बाकीच्या दिवसांत मी काय करावे? आणि अरुंधतीताईंच्या काठीवरून एक प्रश्न पडला : दोन गावांतल्या सावल्या मोजून पृथ्वीचा परीघ काढतात ते प्राचीन ग्रीक विद्वान इराटोस्थेनिसचे गणित नंदुरबार आणि चाळीसगाव यांच्यात जमेल का?

बोरीकाठ

जमेल. नंदुरबार सुमारे २१.३७ अंश अक्षांशावर आहे आणि चाळीसगाव २०.४६ वर, म्हणजे दक्षिणोत्तर अंतर १०१ किलोमीटरच्या आसपास. मात्र एक अडचण आधीच सांगतो. सूर्य ठिपका नसून आकाशात अर्धा अंश रुंद आहे, त्यामुळे काठीच्या टोकाची सावली पुसट होते आणि एक मीटरच्या काठीला तो पुसटपणा निदान नऊ मिलिमीटरचा असतो. आपल्याला जो फरक मोजायचा आहे तो मेमध्ये जेमतेम सोळा मिलिमीटरचा असेल. दोन उपाय करावेत. काठीच्या टोकाला बारीक भोक पाडलेला पुठ्ठा लावावा, जमिनीवर सूर्याची गोल प्रतिमा पडेल आणि तिचा मध्यबिंदू धरता येईल. शिवाय मोजमाप २२ डिसेंबरला करावे, तेव्हा सूर्य कललेला असल्यामुळे फरक एकतीस मिलिमीटरपर्यंत जातो आणि आकाशही स्वच्छ असते. मध्यान्ह नंदुरबारला १२ वाजून ३१ मिनिटांच्या सुमारास आणि चाळीसगावला त्याआधी दोन-तीन मिनिटे होईल. ओळंबा लावून काठी सरळ असल्याची खात्री करावी.

दिव्याविषयी : डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वीस ते तीस मिनिटे लागतात. समोरचा दिवा आडोसा करून झाकला आणि बॅटरीवर लाल जिलेटिन कागद लावला तर नंदुरबारातूनही रूपविकारी तारे पाहता येतात. ययाती तारकासमूहातला अलगोल हा तारा घ्यावा. दर दोन दिवस वीस तास एकोणपन्नास मिनिटांनी त्याचा मंद जोडीदार त्याला झाकतो आणि २.१ प्रतीचा तारा ३.४ पर्यंत उतरतो. सबंध घडामोड सुमारे दहा तासांची असते. दर अर्ध्या तासाला शेजारच्या ताऱ्यांशी तुलना करून लिहीत जावे. शहराच्या उजेडाने याला बाध येत नाही.

अरुंधतीचा_तारा

२२ डिसेंबरला चाळीसगावची काठी माझ्याकडे लागली.

सातपुडा_२१

(डिसेंबर अखेर)

मोजमाप झाले. माझ्याकडे नंदुरबारला एक मीटर काठीची सावली ९९१ मिलिमीटर आली, ताईंकडे चाळीसगावला ९६३. कोन काढल्यावर ४४.७४ आणि ४३.९२ अंश, म्हणजे ०.८२ अंशांचा फरक. १०१ किलोमीटरवरून परीघ सुमारे ४४,३०० किलोमीटर निघतो. खरा आकडा ४०,००० च्या आसपास असल्यामुळे आमची चूक अकरा टक्क्यांची आहे. मी हिशेब पुन्हा करून पाहिला. दोन्ही सावल्यांत मिळून फक्त तीन मिलिमीटरची चूक झाली असावी, कारण इथे एका मिलिमीटरला जवळपास तीन टक्के पडतात. माझी काठी वसतिगृहाच्या गच्चीवर होती आणि गच्चीला पाण्यासाठी उतार दिलेला आहे, हे मला नंतर लक्षात आले. पुढच्या वेळी खाली पाण्याने समपातळीत केलेली फळी ठेवीन.

त्या रात्री अलगोलही पाहिला. नऊपासून दीडपर्यंत दहा नोंदी घेतल्या, पण तो सर्व वेळ सारखाच दिसला. त्या रात्री ग्रहण नव्हते.

बोरीकाठ

"सारखाच दिसला" हेच वहीत लिहावे, दहाही वेळा आणि वेळेसह. गच्चीचा उतारही लिहावा. मी मार्चमध्ये अमळनेरहून तिसरी काठी लावतो, विषुवदिनाच्या दुपारी.

काळी_माती

चौथी काठी चोपड्याची धरावी. ओळंबा गवंड्याकडून आणला आहे. आजोबांच्या बाजेची गोष्ट आईला विचारून लिहून काढली, चार पाने झाली. चोर तीन कसे आणि त्यांतल्या मधल्याजवळ आणखी एक बारीक तारा कोणाचा, हेही तिला माहीत होते.

अरुंधतीचा_तारा

भाऊ, तो बारीक तारा अरुंधती, आणि मधला वसिष्ठ. आपल्या आई त्याला काय म्हणतात ते मात्र त्यांच्याच शब्दांत लिहून पाठवा.